लेखनसीमा शोधताना सापडलेला मायना

1974 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये, खंड 71, पृष्ठे 1342 ते 1346, असा पाच पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोन: जॉन शाइन आणि लिन डॅल्गार्नो. पत्ता ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी, कॅनबेरा. शाइन तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते आणि डॅल्गार्नो त्यांचे मार्गदर्शक. शीर्षक लांब आहे. मराठीत त्याचा आशय असा: ई. कोलाय जिवाणूच्या 16एस रायबोसोमल आरएनएच्या शेपटाकडचा अक्षरक्रम, आणि निरर्थक त्रिकांशी व रायबोसोमच्या बंधनस्थळांशी असलेली त्याची पूरकता.

हे शीर्षक सावकाश वाचले पाहिजे. '16एस रायबोसोमल आरएनए' म्हणजे रायबोसोम या प्रथिन बनवणाऱ्या यंत्राचाच एक घटक. 'निरर्थक त्रिके' म्हणजे प्रथिन जिथे संपते तिथल्या खुणा. 'बंधनस्थळे' म्हणजे रायबोसोम संदेशावर जिथे बसतो आणि जिथून प्रथिन सुरू होते त्या जागा. शीर्षकात समाप्ती आधी आहे, सुरुवात नंतर. आज जीवशास्त्राचा विद्यार्थी 'शाइन-डॅल्गार्नो क्रम' हे नाव पाठ करतो ते फक्त सुरुवातीची खूण म्हणून. समाप्तीचा त्या नावाशी काही संबंध होता, हे त्याला कोणी सांगत नाही.

बखर आणि अस्सल कागद यांतला भेद आपल्याकडे इतिहासकार राजवाड्यांनी मनावर ठसवला. बखरकाराला लढाईचा निकाल ठाऊक असतो, त्यामुळे त्याच्या लेखणीत सारे प्रसंग त्या निकालाच्या दिशेनेच चालू लागतात. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते माहीत नसते. पाठ्यपुस्तके ही विज्ञानाची बखर असते, आणि शोधनिबंध हे पत्र. जिवाणू प्रथिन बनवायला सुरुवात कुठून करतो, या शोधाची पत्रे तारखेनिशी आणि पृष्ठांकानिशी उपलब्ध आहेत. ती क्रमाने लावली की बखरीपेक्षा वेगळी हकिगत दिसते.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. संदेशवाहक आरएनए ही ए, यू, जी, सी या चार अक्षरांची सलग ओळ असते. मोडी कागदात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि कुठे तोडायचे ते वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते, तसेच इथेही. रायबोसोम तीन-तीन अक्षरांचे गट वाचून एकेक अमिनो आम्ल जोडतो. पहिला गट एका अक्षराने जरी चुकला, तरी पुढचे सगळे वाचन बिघडते. प्रारंभाचे नेहमीचे त्रिक ए-यू-जी, म्हणजे मेथिओनिन. पण मेथिओनिन प्रथिनाच्या मध्येही येते, त्यामुळे ए-यू-जी ओळीत जागोजाग सापडते. त्यातले पहिले कोणते, हे रायबोसोमने ओळखायचे कसे?

या मालिकेतला पहिला कागद 1963 चा आहे. वॉलर यांनी ई. कोलायच्या प्रथिनांची अग्रे मोजली आणि जवळजवळ निम्म्या प्रथिनांची सुरुवात मेथिओनिनने होते असे दाखवले. वीस अमिनो आम्लांपैकी एकाचाच इतका वरचष्मा असावा, हे नवल होते. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये केल्ड मार्कर आणि फ्रेडरिक सँगर मेथिओनिन वाहणाऱ्या आरएनएचे तुकडे तपासत होते. एक पदार्थ अपेक्षित होता, निघाले दोन. दुसऱ्यात मेथिओनिनच्या अमिनो टोकावर फॉर्मिल गट बसलेला होता. तसे टोक बंद झाले की ते अमिनो आम्ल साखळीत मधे कुठेच बसू शकत नाही, ते फक्त आरंभीच राहू शकते. प्रारंभाचा शोध घ्यायला हे दोघे बसले नव्हते, तरी प्रारंभाचा पहिला ठोस पुरावा त्यांच्याच हाती लागला. असे या कथेत पुढेही घडते.

1966 च्या 'प्रोसीडिंग्ज'च्या खंड 55 मध्ये दोन निबंध एकमेकांना चिकटून आहेत. पहिला हार्वर्डच्या ॲडम्स आणि कपेकी यांचा, दुसरा रॉकफेलरच्या वेबस्टर, एंगलहार्ट आणि झिंडर यांचा. दोन्ही गटांनी जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचा आरएनए परीक्षानळीत वाचून घेतला. मूळ विषाणूच्या आवरण-प्रथिनाची सुरुवात अलॅनिनने होते. नळीत तयार झालेल्या प्रथिनात मात्र अलॅनिनच्या आधी फॉर्मिल-मेथिओनिन होते. म्हणजे जिवाणू ते आरंभी लावतो आणि काम झाले की पुष्कळदा काढून टाकतो. वॉलर यांना जे दिसले ते या कापाकापीनंतर उरलेले होते.

इथे एक शंका मनात येते. 1961 मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू-यू-यू अशा संदेशावरून प्रथिन बनवून दाखवले होते. त्यात ए-यू-जी नव्हते, मग ते सुरू झाले कसे? त्या नळीत मॅग्नेशियम भरपूर होते. तेवढ्या मॅग्नेशियममध्ये रायबोसोम हाती येईल तो आरएनए कुठूनही वाचू लागतो. मॅग्नेशियम कमी केले की फॉर्मिल-मेथिओनिनची आणि प्रारंभ-घटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांची गरज पडते. संकेताचा उलगडा ज्या नळीत झाला, त्याच नळीने प्रारंभाचा प्रश्न काही वर्षे झाकून ठेवला, असे मला वाटते.

मग 6 डिसेंबर 1969 चा 'नेचर'. लेखिका एकट्याच, जोन स्टाइट्झ, तेव्हा केंब्रिजच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत. या मालिकेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा कागद हा आहे. आर17 या विषाणूच्या आरएनएवर तेव्हा तीन प्रथिनांचे मजकूर माहीत होते. स्टाइट्झ यांनी हा आरएनए किरणोत्सारी फॉस्फरसने खुणावला, त्यावर रायबोसोम बसू दिले पण पुढे सरकू दिले नाहीत, आणि मग आरएनए तोडणारे विकर सोडले. उघडा भाग चिरडून गेला. रायबोसोमच्या अंगाखाली असलेले सुमारे तीस-तीस अक्षरांचे तुकडे मात्र वाचले. सँगर यांच्या पद्धतीने ते अक्षर-अक्षर लावून घेतले. प्रारंभाच्या तीनही जागा प्रथमच लेखी हाती आल्या.

त्यातला तिसरा तुकडा, विषाणूची प्रत काढणाऱ्या प्रथिनाचा, मी अनेकदा वाचला आहे. तो असा सुरू होतो: ए-ए-ए-सी-ए-यू-जी-ए-जी-जी-ए-यू-यू-ए-सी-सी-सी-ए-यू-जी. यात ए-यू-जी दोनदा आहे. दोन्ही रायबोसोमच्या अंगाखालीच आहेत, तरी तो पहिले ओलांडतो आणि दुसऱ्यापासून सुरू करतो. ए-यू-जी पुरेसे नाही, याचा याहून स्वच्छ दाखला नको. आणि पहिल्या ए-यू-जीच्या शेवटच्या जीपासूनच, दुसऱ्याच्या आधी, जी-ए-जी-जी ही चार अक्षरे आहेत. उत्तर 1969 च्या डिसेंबरातच छापलेले होते. ते वाचायला जी किल्ली लागणार होती, ती रायबोसोमच्या आत होती.

किल्ली तिथेच असावी असा संशय 1970 मध्ये हार्वे लॉडिश यांच्या निबंधाने बळकट केला. बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णताप्रिय जिवाणूचे रायबोसोम घेऊन त्यांनी तशाच विषाणूचा आरएनए वाचायला दिला. ई. कोलायचे रायबोसोम तिन्ही प्रथिने बनवतात. याचे रायबोसोम फक्त एकच, 'ए' नावाचे प्रथिन बनवत. संदेश तोच, वाचणारा बदलला, आणि निवड बदलली.

आता कॅनबेराकडे येऊ. डॅल्गार्नो आणि शाइन यांचा 1974 चाच दुसरा एक निबंध 'बायोकेमिकल जर्नल'च्या खंड 141 मध्ये आहे. तो जिवाणूंचा नाही. फळमाशी आणि यीस्ट यांच्या 18एस, म्हणजे जिवाणूच्या 16एसशी समकक्ष, रायबोसोमल आरएनएचे शेपूट त्यात वाचले आहे आणि सशाच्या क्रमाशी ताडून पाहिले आहे. शेवटची आठ अक्षरे सगळ्यांत एकच निघाली: जी-ए-यू-सी-ए-यू-यू-ए. या आठ अक्षरांचे काम काय, याबद्दलचा प्रस्ताव निबंधाच्या शीर्षकातच आहे: समाप्तीची त्रिके ओळखणे.

हा तर्क कुठून आला ते कागदावर जुळवून पाहता येते. शेवटची तीन अक्षरे यू-यू-ए. उलट दिशेने, एसमोर यू आणि जीसमोर सी अशी, जोडी लावली तर ती यू-ए-ए या समाप्तीच्या त्रिकाशी तंतोतंत जुळतात. जी आणि यू यांची सैल जोडी चालवून घेतली, तर यू-ए-जी आणि यू-जी-ए यांच्याशीही जुळतात. समाप्तीची त्रिके तीन, आणि एकच शेपूट तिघांनाही पुरते. माशीपासून सशापर्यंत ते बदललेले नाही. मी त्या काळी त्या टेबलापाशी असतो तर मलाही हे पटलेच असते.

शेपूट वाचण्याची त्यांची पद्धत कष्टाची होती. शेवटच्या अक्षरातील शर्करा पेरिआयोडेटने उघडायची, त्याला आयसोनिॲझिड चिकटवून खूण करायची, ते अक्षर ओळखायचे, मग ते काढून टाकून त्याच्या आधीच्या अक्षराकडे वळायचे. आयसोनिॲझिड म्हणजे क्षयरोगावरचे तेच परिचित औषध, इथे ट्रिटियम घालून किरणोत्सारी केलेले. दर पायरीला माल घटत जातो आणि चूक साचत जाते, म्हणून फार आत जाता येत नाही. ई. कोलायच्या बाबतीत ते शेपटाकडून नऊ अक्षरे निश्चितपणे मागे गेले: ए-सी-सी-यू-सी-सी-यू-यू-ए. त्याच्या आधीचे दहावे अक्षर सी किंवा यू, एवढेच सांगता आले.

शेवट पुन्हा यू-यू-ए. समाप्तीचा तर्क जिवाणूतही टिकला असेच त्यांना दिसले असणार, आणि म्हणून शीर्षकात तो आधी आला. पण त्याच्या अलीकडची ए-सी-सी-यू-सी-सी ही अक्षरे नवी होती. जिवाणूंच्या विषाणूंची तोवर छापून आलेली बंधनस्थळे त्यांनी शेजारी मांडली. आर17 च्या 'ए' प्रथिनाच्या तुकड्यात ए-यू-जीच्या थोडे आधी ए-जी-जी-ए-जी-जी-यू आहे. शेपटातल्या ए-सी-सी-यू-सी-सी-यूशी ती सातही अक्षरे जोडीने जुळतात, एकही सैल जोडी न लावता. लॉडिश यांच्या उष्णताप्रिय जिवाणूला वाचता आलेले एकमेव प्रथिन हेच.

निबंधाच्या सारांशातली क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. अक्षरक्रम 'दाखवला आहे'. समाप्तीत यू-यू-एचा सहभाग आहे असे 'सुचवले आहे'. आणि प्रारंभाच्या जागा ओळखण्याचे काम ए-सी-सी-यू-सी-सी 'करू शकेल', संदेश पकडण्यात तिचा हात 'असू शकतो'. जे अनुमान पुढे टिकले ते या कागदात अधिक संकोचाने मांडले आहे, आणि जे टिकले नाही ते अधिक विश्वासाने. समाप्तीची त्रिके प्रथिने ओळखतात याचे पुरावे तेव्हाही होते. त्या मोचक प्रथिनांपैकी पहिले 1967 मध्ये त्याच कपेकींनी वेगळे काढले होते. तरी आरएनएचाही त्यात हात असावा, ही शक्यता 1974 मध्ये खुली होती. म्हणून मी याला चूक म्हणत नाही. लेखनसीमा शोधत त्यांनी पत्र खालून वर वाचत नेले आणि मायन्यापाशी पोहोचले, एवढेच कागद सांगतात.

वर्षभराने, मार्च 1975 च्या 'नेचर'मध्ये, त्याच दोघांचा पुढचा निबंध आला. बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलससह आणखी जिवाणूंची शेपटे त्यात वाचली होती. कोणता रायबोसोम कोणता मजकूर निवडतो हे त्या शेपटावर ठरते, हा त्याचा मुद्दा. समाप्ती आता शीर्षकातून गेली होती.

तोवर ही जुळणी कागदावरचीच होती. प्रत्यक्ष पुरावा डिसेंबर 1975 मध्ये येल विद्यापीठातून आला, जोन स्टाइट्झ आणि कॅरन जेक्स यांच्याकडून. कोलिसिन ई3 हे जिवाणूंचे विष 16एस आरएनएला शेपटापासून सुमारे 50 अक्षरांवर एकदाच कापते. त्यांनी रायबोसोमवर 'ए' प्रथिनाचा तो तीस अक्षरी तुकडा बसवला, शेपूट कोलिसिनने कापले आणि रायबोसोमची प्रथिने विरघळवून टाकली. संदेशाचा तुकडा आणि कापलेले शेपूट जेलमध्ये एकत्र चालत गेले. दोघांना धरून ठेवणारे दुसरे काही उरलेच नव्हते.

1987 मध्ये दोन गटांनी 16एस आरएनएचे हे शेपूटच बदलून पाहिले आणि रायबोसोमची पसंती खरोखर बदलली. 2001 मध्ये ही जोडी रायबोसोमच्या स्फटिकात प्रत्यक्ष दिसली. आज चित्र असे आहे: रायबोसोमचा लहान भाग, तीन प्रारंभ-घटक आणि फॉर्मिल-मेथिओनिन वाहणारा आरएनए एकत्र येतात. शेपूट संदेशातील त्या खुणेला धरते. खूण आणि ए-यू-जी यांत साधारण 5 ते 9 अक्षरांचे अंतर असल्याने ए-यू-जी नेमके जागेवर येते. मग मोठा भाग येऊन झाकण घालतो. याला अपवाद पुष्कळ आहेत. लॅम्डा विषाणूच्या दमनकारी प्रथिनाचा एक संदेश तर थेट ए-यू-जीपासूनच सुरू होतो, त्याच्या आधी एकही अक्षर नसते.

16एस आरएनएची सर्व 1542 अक्षरे हाती आल्यावर कॅनबेराची दोन शेपटे शेजारी ठेवता येतात. यीस्ट, माशी, ससा: जी-ए-यू-सी-ए-यू-यू-ए. जिवाणू: जी-ए-यू-सी-ए-सी-सी-यू-सी-सी-यू-यू-ए. जिवाणूच्या ओळीतून मधली सी-सी-यू-सी-सी ही पाच अक्षरे उचलली की उरते ती हुबेहूब यीस्टची ओळ. ज्या यू-यू-एने त्या दोघांना या वाटेवर आणले, ते दोन्हींत आहे. मधली पाच मात्र आपल्या पेशींतही नाहीत. आपले रायबोसोम सहसा संदेशाच्या सुरुवातीच्या टोकावरील 'टोपी'पासून सरकत येतात आणि बहुधा पहिल्या सोयीच्या ए-यू-जीपाशी थांबतात. म्हणून माणसाचा जनुक जिवाणूकडून वाचून घ्यायचा असेल, तर ए-यू-जीच्या आधी, अंतर मोजून, ए-जी-जी-ए-जी-जी ही अक्षरे आजही हाताने लिहावी लागतात.