सावजी भोजनालय: विणकरांच्या चुलीचा इतिहास

१/ नागपूरपासून गोंदिया-आमगावच्या पट्ट्यापर्यंत ‘सावजी भोजनालय’ ही पाटी सर्वांच्या ओळखीची आहे. संध्याकाळ झाली की बाकांवर दाटी होते, ताटात गडद लाल रस्सा येतो आणि जेवणाऱ्याच्या कपाळावर घाम फुटतो. पण या तिखटाच्या मागे एका विणकर समाजाची कहाणी आहे.

२/ ‘सावजी’ हे हलबा कोष्टी समाजात रूढ असलेले आदरार्थी संबोधन. हातमागावर कापड विणणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. भोसल्यांच्या राजधानीत रेशीमकाठी लुगड्यांना व धोतरांना मोठी मागणी होती.

३/ १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. तिने वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंदराकडे नेला आणि गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आणले. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गाने गोंदिया आणि आमगावही याच व्यापाराशी जोडले गेले.

४/ १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ असल्याचे जाहीर झाले. गिरणीचे नावही तिच्यावरूनच पडले.

५/ हातमाग एका दिवसात थांबले नाहीत. विणकर गिरणीचे सूत घेऊन विणत राहिले. मात्र सुताचा आणि कापडाचा भाव ठरवणे त्यांच्या हाती उरले नाही. कमाई आटत गेली, तसे कोणी गिरणीत गेले, कोणी यंत्रमागावर. काहींनी घरच्या चुलीवरच पोट भरण्याचा मार्ग शोधला.

६/ राहत्या घराची पुढची खोली खानावळ झाली. घरातील स्त्रियांच्या हातचा वाटलेला, भाजलेला मसाला हेच भांडवल. मटण, खूर, सुकट, डाळकांदा, पाटवडी-रस्सा. जोडीला जवसाचे तेल, खसखस, दगडफूल आणि मिरची.

७/ ही मिरची मूळची इथली नव्हे. अमेरिका खंडातून ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. मेक्सिकोतील गल्लीतल्या टॅकोवर पडणारी तिखट चटणी आणि नागपूरचा रस्सा यांचे मूळ एकच. आज नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची स्वतःच्या नावाने ओळखली जाते.

८/ एम्प्रेस मिल बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. हातमागांची खटखटही विरळ झाली. ‘सावजी’ हे नाव मात्र विदर्भभर पसरले, इतके की समाजाबाहेरचे लोकही ते पाटीवर लिहितात.

९/ नाव सर्वांचे झाले आणि नावामागची माणसे विस्मरणात गेली. ‘कोण किती तिखट खातो’ एवढ्यापुरतीच ही परंपरा उरली, तर माग गमावलेल्या विणकरांचा आणि चुलीवर संसार तोलणाऱ्या स्त्रियांचा इतिहास हरवेल. पाटीवरचा तो एक शब्द त्यांची आठवण आहे.