कनाटाखालचा समुद्र



विषय जरा वेगळा आहे, पण घर घ्यायच्या खटपटीत असलेल्यांनी तरी वाचा.

गेल्या उन्हाळ्यात बाबा इकडे आले होते. पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, तेही साताऱ्याकडे, म्हणजे चार फूट खणलं की कातळ. कनाटात एक घर बघायला गेलो. एजंटबाई किचन दाखवत होत्या आणि बाबा थेट बेसमेंटमध्ये. भिंतीला एक तिरकी भेग होती. तिच्यावरून बोट फिरवत म्हणाले, "अरे, इथे कातळ किती फुटांवर लागतो?"

मी कॉम्प्युटरवाला, मला काय माहीत! एजंटबाई म्हणाल्या, "इथे बऱ्याच ठिकाणी लीडा क्ले आहे, काळजी करू नका." त्यामुळे अर्थातच काळजी सुरू झाली आणि मी वाचायला बसलो.

साधारण २५ हजार वर्षांपूर्वी आपल्या घरांच्या जागी नुसता बर्फ होता, किलोमीटरच्या वर जाडीचा. (त्याच सुमारास आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे माणसं शहामृगाच्या अंड्यांच्या कवचावर नक्षी कोरत होती. एस. ए. साळी यांना १९७०च्या दशकातल्या उत्खननात ती कवचं मिळाली. खानदेशात शहामृग, आहे की नाही गंमत!) बर्फाच्या वजनाने इथली जमीन दबून समुद्रसपाटीच्याही खाली गेली. मग हवा तापली, बर्फ उत्तरेकडे सरकला आणि सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातून अटलांटिक आत शिरला. हाच शॅम्प्लेन समुद्र. कनाटावर तेव्हा शंभरेक मीटर पाणी असावं. गादीवरून जाड माणूस उठला की गादी सावकाश वर येते ना, तशी जमीन हळूहळू वर आली आणि दोन-तीन हजार वर्षांत समुद्र ओसरला.

तो समुद्र रिकामा नव्हता. इथून तासाभरावर असलेल्या स्मिथ्स फॉल्सजवळ १८८२ मध्ये रेल्वेसाठी खडी खणताना हंपबॅक देवमाशाची हाडं निघाली. त्याआधी १८४९ मध्ये व्हरमाँटमधल्या शार्लटला, तेही रेल्वेच्याच खोदकामात, बेलुगा सापडला होता. टाडुसॅकला जाऊन आपण जे पांढरे देवमासे बघतो तेच हे. मला मात्र सगळ्यात आवडली ती ग्रीन्स क्रीकची गोष्ट. ऑटावाच्या पूर्व भागातला हा ओढा. तिथे मातीचे घट्ट गोळे मिळतात आणि फोडले की काहींच्या आत वीतभर केपलिन मासा, काटा न् काटा शाबूत. केपलिन आजही न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात असतो, म्हणजे इथलं पाणी किती गार होतं ते कळतं.

आता मूळ मुद्दा, त्या भेगेचा. बर्फाने दळलेलं खडकाचं पीठ खाऱ्या पाण्यात तळाशी बसलं. मिठामुळे त्याचे कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून राहिले, मधे पाणी. पुढे हजारो वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन नेलं, बंगला तसाच उभा! धक्का बसेपर्यंत माती घट्ट दिसते. बसला की ताकासारखी वाहते. क्वेबेकमधल्या नोत्र-दाम-द-ला-सालेतला १९०८ मध्ये अशीच दरड नदीत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ऑटावाच्या पूर्वेला लेम्यू नावाचं गाव होतं. मातीच्या तपासणीनंतर १९९१ पर्यंत लोकांना तिथून हलवलं आणि २० जून १९९३ ला जवळची १७ हेक्टर शेतजमीन घसरून साउथ नेशन नदीत गेली. सरकारी कामात इतकं वेळेवर काही झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

सपाट जागी असं सहसा होत नाही, धोका मुख्यतः नदीकाठच्या उतारांना. पण ही माती वाळली की आकसते आणि मोठी झाडं तिच्यातलं पाणी शोषतात, म्हणून अशा भागात घराजवळ मोठी झाडं लावण्यावर शहराचे निर्बंध आहेत. आणि वजन? डाउनटाउनचं नेचर म्युझियम बघा. त्याचा दगडी मनोरा याच मातीत खचायला लागला म्हणून १९१५ मध्ये उतरवावा लागला. आजचा हलका काचेचा मनोरा २०१० चा. देवमाशांचे सांगाडे ठेवणारी इमारत देवमाशांच्याच चिखलात रुतली!

असो. घर शेवटी तेच घेतलं. कातळावरची घरं बजेटबाहेर होती. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासून भेग जुनी असल्याचं सांगितलं आणि अंगणातला विलो काढायला लावला. तुम्ही घेत असाल तर सॉइल रिपोर्ट जरूर मागा. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग जायच्या आदल्या दिवशी बेसमेंटमध्ये उतरले, भेगेवर आडवी एक काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवली आणि खाली पेन्सिलने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते, पीडब्ल्यूडीची जुनी पद्धत.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न तोच असतो. परवापर्यंत तरी काच शाबूत आहे.