खारपाणपट्ट्यातला मुतखडा

समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी १९३० साली वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला त्यांनी विहिरीचं पाणी चुलीवर आटवलं आणि भांड्याच्या तळाशी मीठ उरलं. या विहिरींचं मीठ हा पूर्वी इथला धंदाच होता. इंग्रजांनी तो बंद पाडला.

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याची शेकडो गावं या खारपाणपट्ट्यात येतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस धड येत नाही आणि कुणाच्या कमरेत मुतखड्याची कळ आली, की खापर पाण्यावरच फुटतं. मग कुळथाचं कढण, गोखरूचा काढा.

जुना मुतखडा मात्र निराळा होता. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात तो बहुतेक मूत्राशयात होई, तोही गरीब घरच्या पोरांना. त्याचा संबंध निकृष्ट आहाराशी जोडला जातो. उपाय एकच, चिरफाड. बॉस्टनच्या सर्जन बिगेलोनं १८७८ साली मूत्रमार्गातूनच खडा फोडून त्याचा चुरा एका बैठकीत बाहेर काढण्याची रीत मांडली. लहान मुलांना ती झेपणार नाही, असं सगळे म्हणत. इंदूरच्या रेसिडेन्सीतले सर्जन कीगन यांनी ती मुलांवरच करून दाखवली. 

आजचा खडा मूत्रपिंडातला. १९८० साली म्युनिकमध्ये तो शरीराबाहेरून आघातलहरींनी फोडला गेला, पण फोडलेला खडा पुन्हा होतो. इटलीत संशोधक बोर्गी यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांना पाच वर्षं तपासलं. रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, इतर १०० जणांपैकी २७ जणांना. त्यांच्याच २००२ च्या अभ्यासात कमी मीठ, कमी मांस आणि पुरेसं कॅल्शियम असलेला आहार कमी कॅल्शियमच्या आहारापेक्षा सरस ठरला. म्हणजे कॅल्शियमच्या धाकानं दूध-दही सोडणं उलटंच.

मग कॅल्शियमचा दोष नसेल, तर खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी निर्दोष? तसंही नाही. वऱ्हाडाचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि घशाखाली न उतरणारं पाणी माणूस बेतानंच पितो. खडा धरायला तेवढंही पुरतं. म्हणून इथल्या गावांना पाणी देणाऱ्या, वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेचा नळ कोरडा राहिला, तर ती तक्रार पाणीपुरवठ्याइतकीच आरोग्य खात्याचीही आहे.