कौलावरचे साल, समुद्रातले जहाज

जुन्या घराचे छप्पर उतरवताना मंगळुरी कौल उलटे करून कधी पाहिले आहे का? बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव रोमन अक्षरांत असते, सोबत १८६५ हे साल. मग घरमालक अभिमानाने सांगतो, आमचे घर १८६५ चे! पण ते साल घराचे नव्हे, कारखान्याच्या स्थापनेचे. गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने त्या वर्षी मंगळुरास जेप्पू येथे हा कारखाना काढला आणि पुढेही मालावर तेच साल उमटत राहिले.

हीच अक्षरे आपल्या समुद्राच्या तळाशीही सापडली आहेत. ग्रँड आयलंडच्या परिसरात सेंट जॉर्ज रीफ नावाचा बुडालेला खडक आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तेथे एका मालवाहू जहाजाचा माल शोधून काढला. त्यात होते छपराच्या कण्यावरची कौले, धुराड्याच्या विटा, पोकळ खांबांचे तुकडे आणि पानांची नक्षी असलेले खांबांचे माथे. सगळे भाजलेल्या मातीचे. कुणाच्या तरी बंगल्याची तयारी समुद्रातच राहिली.

जहाजाचे नाव मात्र कळलेले नाही. उघड्या पडलेल्या लाकडाला समुद्रातले किडे पोखरतात. भाजलेली माती टिकते. म्हणून येथे मालच साक्षीदार. तो एवढेच सांगतो की, जहाज १८६५ नंतर बुडाले आणि माल मंगळूरकडचा होता. नेमके साल तो सांगत नाही. घरमालकाची चूक इतिहास लिहिणाऱ्यानेही करता कामा नये.

आणखी एक गोष्ट. कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी पडली आहे, हे पाणबुडे मोजून घेतात, छायाचित्रे काढतात. माल कसा रचला होता, जहाज कोणत्या बाजूला कलले, याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. मांडवी-झुवारीचा गाळ येतो, पावसाळ्यात तर पाण्याखाली जाणेच बंद. त्यामुळे कामाला मिळणारे दिवस थोडे.

आता ग्रँड आयलंडला पर्यटकही पाण्याखाली उतरतात. अवश्य उतरावे. आपल्या समुद्राचा इतिहास पोर्तुगीज कागदांपलीकडेही आहे, हे त्यांना दिसेल. पण अशा जागेवरून आठवण म्हणून एखादा तुकडा उचलला, तर त्याच्यासोबत त्याची जागाही जाते, आणि ती परत मांडता येत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात मुरलेली माती तशीच वाळू दिली, तर आतले मीठ स्फटिक होऊन तिला फोडते. शास्त्रज्ञ तिला बराच काळ गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढतात. दिवाणखान्यातल्या कपाटात हे कोण करणार?

युनेस्कोच्या २००१ च्या करारातही अशा वस्तू शक्यतो जागेवरच राखाव्यात, असे म्हटले आहे. नाव हरवलेल्या त्या जहाजाची ओळख म्हणजे तो मातीचा ढीगच. तोही हळूहळू कपाटांत वाटला गेला, तर पुसायला कुणाला जाणार?