मूकपटाचा प्रतनिर्णय : फ्रान्सचें 'ख्रिस्तचरित्र' आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'

एखादी प्रत हातीं आली असतां ती कोणत्या काळची, कोणीं उतरलेली व मूळापासून किती पिढ्या दूर गेलेली, हे प्रश्न या त्रैमासिकाच्या वाचकांस नवे नाहींत. कागद, शाई, हस्ताक्षर, समासांतील खुणा आणि अखेरची पुष्पिका यांवरून पोथीचा काळ ठरविण्याची शिस्त आपल्याकडे आतां चांगली रुजली आहे. परंतु हीच शिस्त मूकपटांना लावावी, असें फारसें कोणास सुचलेलें दिसत नाहीं. मूकपट ही गेल्या शतकांतील करमणुकीची वस्तु. तिला पोथीच्या पंक्तीस कां बसवावें, असा आक्षेप घेणारांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, मूकपटाचीहि मूळ प्रत असते, तिच्या नकला असतात, नकलांत गाळ व भर असते, आणि एकाच नांवाचे दोन भिन्न ग्रंथ असावेत तसे एकाच नांवाचे दोन भिन्न चित्रपटहि असतात. प्रस्तुत लेखांत दोन चित्रपटांचा विचार केला आहे. एक फ्रान्सचा, ज्याच्यापासून आपल्या चित्रपटाला स्फूर्ति मिळाली. दुसरा आपला, ज्याला आपण आद्य म्हणून मान देतों.

फ्रान्सशीं आपला संबंध फार लवकर जडला. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस शहरांतील 'ग्रां कॅफे'च्या तळघरांत ल्युमिएर बंधूंनीं पैसे घेऊन लोकांस हलतीं चित्रें दाखविलीं, आणि त्यानंतर सात महिन्यांच्या आंत, म्हणजे ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईस वॉटसनच्या हॉटेलांत त्यांचाच मनुष्य मारियुस सेस्तिए यानें तींच चित्रें एक रुपया दर ठेवून दाखविलीं. सेस्तिए ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होता. मुंबई हा केवळ मुक्काम. पण त्या मुक्कामानें येथें जें बीज पडलें तें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकाराच्या मनांत रुजलें. त्यांनीं विलायतेहून यंत्र मागविलें, १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली, आणि डिसेंबर १९०१ मध्यें रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तो स्वागताचा प्रसंगहि टिपला. नाटक नव्हे, नट नव्हे. प्रत्यक्ष प्रसंगाचा दस्तऐवजच. इतिहासाच्या साधनांत याची गणना अव्वल दर्जांत झाली असती. परंतु साधन टिकलें पाहिजे ना!

आतां 'ख्रिस्तचरित्रा'कडे वळूं. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं मुंबईच्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस' मध्यें ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला, तो पाहतां पाहतां त्यांच्या डोळ्यांपुढें राम व कृष्ण उभे राहिले, आणि तेथूनच त्यांच्या आयुष्याला वळण लागलें, ही हकीकत त्यांनीं स्वतः 'नवयुग' मासिकांतील लेखांत दिली आहे. त्यामुळें मूळ घटना निर्विवाद आहे. वाद आहे तो दोन गोष्टींचा. पहिली तिथीची : कोणी १९१० चा नाताळ सांगतात, कोणी १९११ चें ईस्टर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हें 'ख्रिस्तचरित्र' कोणतें? कारण त्या काळीं फ्रान्समध्येंच दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांनीं हा विषय हातीं घेतला होता. पाथे कंपनीचें चरित्र फेर्दिनां झेक्का व ल्युसियें नोंगे यांनीं १९०२ ते १९०५ या वर्षांत वाढवीत नेलें, आणि १९०७ मध्यें तें नव्यानें काढलें. गोमों कंपनीचें चरित्र १९०६ मधलें. तें आलिस गी या बाईनें दिग्दर्शित केलें. चित्रपट दिग्दर्शित करणारी जगांतील पहिली स्त्री म्हणून तिचें नांव आज घेतलें जातें. कोणी ग्रंथकार पाथेचें नांव देतो, कोणी गोमोंचें. आणि पुढचे लेखक आधीच्या लेखकावरून उतरून घेतात. बखरकारांची जी खोड आपण नेहमीं दाखवितों तीच ही खोड.

या वादांत मला गोमोंचा पक्ष अधिक आकर्षक वाटतो. त्याचें कारण पुराव्यापेक्षां साम्य हें आहे, हें आधींच स्पष्ट करतों. आलिस गी हिनें आपलीं पंचवीस दृश्यें जेम्स तिसो या चित्रकाराच्या बायबलांतील चित्रांवरून बेतलीं. म्हणजे घरोघरीं छापील चित्रांतून लोकांना परिचित झालेला देव तिनें पडद्यावर चालता केला. फाळक्यांनीं तरी दुसरें काय केलें? ते स्वतः रविवर्म्याच्या शिळाछापाच्या व्यवसायांत वावरलेले, जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले, पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रें व नकाशे यांचें काम केलेले गृहस्थ. त्यांच्या हरिश्चंद्राच्या दरबारांत रविवर्म्याची छाया स्पष्ट दिसते. तथापि साम्य म्हणजे प्रमाण नव्हे. प्रमाण हवें असेल तर प्रतीकडेच गेलें पाहिजे, आणि येथें फ्रेंच कारखानदारांनीं संशोधकावर मोठाच उपकार केला आहे. चोरट्या नकलांच्या भीतीनें पाथे कंपनी आपल्या कोंबड्याचें चिन्ह पडद्यांवर व सजावटींत मध्येंच रंगवून ठेवी. मेलिएसच्या चित्रपटांत त्याचा तारा आढळतो. गोमोंची खूण डेझीच्या फुलाची. शिवाय फिल्मच्या कडेवर पाथेचें नांव व पत्ता छापलेला असे. पोथीच्या समासांत लेखकानें घातलेल्या मुद्रेसारखेंच हें आहे. मुंबईस त्या काळीं आलेल्या 'ख्रिस्तचरित्रा'चा एखादा तुकडा जर कोठें मिळाला, तर वादाचा निकाल त्याच्या कडेवरून एका घटकेंत लागेल.

फ्रेंच नटांविषयीं दोन शब्द येथेंच. 'ख्रिस्तचरित्रां'तील बहुतेक नट अनाम आहेत. पडद्यावर त्यांचीं नांवें दिलेलीं नसत. १९०८ मध्यें 'फिल्म दार' या संस्थेनें 'द्यूक द गीजचा वध' हा चित्रपट काढला, त्यांत कोमेदी-फ्रान्सेझचा ल बार्जी हा नट होता व संगीत साँ-साँस यानें दिलें होतें. तेव्हांपासून प्रतिष्ठित रंगभूमीचीं नांवें पडद्यास चिकटूं लागलीं. १९१२ मध्यें सारा बर्नहार्टसारखी नटी, वयाच्या साठीच्या पुढें, इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या वेषांत मूक उभी राहिली. आणि विनोदी माक्स लिंदेर, उंच टोपी व रेशमी हातमोजे घातलेला, तो तर हिंदुस्थानापर्यंत येऊन पोंचला होता. त्यानें १९२५ मध्यें पत्नीसह आत्मघात केला. मागें राहिलेली तान्ही मुलगी मोठी झाल्यावर बापाचे चित्रपट जगभर शोधीत फिरली व त्यांतील निवडक भाग जोडून तिनें १९६३ मध्यें एक संकलन काढलें. संग्राहकाचें काम कोणत्या मायेनें होऊं शकतें याचें हें उदाहरण आहे.

आपल्याकडे उलट परिस्थिति होती. रंगभूमीवरचे प्रतिष्ठित नट सिनेमाकडे वळत नव्हते, आणि स्त्रिया तर मुळींच मिळत नव्हत्या. तारामतीसाठीं फाळक्यांना अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांतील स्वयंपाकी अण्णा साळुंके मिळाला. तेथें त्यास दरमहा दहा रुपये मिळत, फाळक्यांनीं पंधरा देऊं केले, असें सांगतात. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, विश्वामित्र झाले गजानन वासुदेव साने, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. पुढें १९१७ च्या 'लंकादहन'मध्यें याच साळुंक्यानें राम व सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. नंतर तो कॅमेऱ्याच्या मागेंहि गेला. १९१९ च्या 'कालियामर्दन'च्या आरंभीं फाळक्यांची मुलगी मंदाकिनी स्वतःच्या रूपांत येऊन चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखविते, व मग कृष्ण होते. ग्रंथाच्या आरंभींच नटाची ओळख करून देणारी ही पुष्पिका मोठी मौल्यवान आहे. तो चित्रपट बहुतांशीं टिकला, हें भाग्यच.

'राजा हरिश्चंद्रा'चें भाग्य तितकें सरळ नाहीं. फाळके फेब्रुवारी १९१२ मध्यें विलायतेस गेले, विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र घेऊन एप्रिलांत परतले. दादरच्या बंगल्यांत काम झालें. भोकें पाडणें व फिल्म धुणें हें काम सरस्वतीबाई फाळके रात्रीं अंधाऱ्या खोलींत करीत. २१ एप्रिल १९१३ रोजीं ग्रँट रोडच्या ऑलिंपिया नाट्यगृहांत निमंत्रितांस चित्रपट दाखविला, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशनमध्यें तो सर्वांस खुला झाला. लांबी ३,७०० फूट, चार रिळें. (तोरणे व चित्रे यांचा 'पुंडलिक' त्याच कॉरोनेशनमध्यें १८ मे १९१२ ला लागला होता, पण तें रंगभूमीवरील नाटकाचेंच चित्रण, म्हणून 'पहिला कोण' हा वाद मी येथें उकरीत नाहीं.) १९१७ मध्यें फाळक्यांनीं हाच विषय 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नांवानें पुन्हा चित्रित केला. पहिली प्रत झिजून अथवा जळून निकामी झाली म्हणून असें करावें लागलें, अशी परंपरागत हकीकत आहे.

आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत, जें १९६४ मध्यें स्थापन झालें व २०२२ मध्यें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें, या चित्रपटाचें पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें आहेत. मिळून १,४७५ फूट. तीं पी. के. नायर यांच्या परिश्रमानें हातीं आलीं. पुस्तकांतून व प्रदर्शनांतून तीं '१९१३' म्हणून छापलीं व दाखविलीं जातात. परंतु हीं रिळें वस्तुतः १९१७ चीं आहेत, असें मत कांहीं अभ्यासकांनीं मांडलें आहे. म्हणजे ज्यास आपण आदिग्रंथ म्हणून नमस्कार करतों तो कदाचित् त्याच ग्रंथकारानें चार वर्षांनीं लिहिलेला दुसरा ग्रंथ असावा. हा भेद क्षुल्लक नाहीं. राजवाडे असते तर त्यांनीं प्रथम 'अस्सल कोठें?' असेंच विचारलें असतें.

निर्णय कशावरून करावा? कोडॅक कंपनीनें १९१६ पासून आपल्या फिल्मच्या कडेवर वर्ष दाखविणाऱ्या खुणा घालण्यास आरंभ केला : वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा आकृति. अशी खूण मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असें पुष्कळांस वाटेल. पण पोथीच्या कागदांतील जलचिन्हाचा अनुभव येथें उपयोगीं पडतो. जलचिन्ह नक्कल केव्हां झाली हें सांगतें. ग्रंथ केव्हां रचला हें सांगत नाहीं. १९१३ च्या निगेटिव्हवरून १९१७ मध्यें पॉझिटिव्ह छापणें सहज शक्य आहे. म्हणून कडेवरची उशिराची खूण एकटी १९१७ च्या पक्षाला पुरेशी होत नाहीं. तसेंच खूण नसणें हेंहि १९१३ च्या पक्षाला पुरेसें नाहीं. दोन खुणा वेगळ्या केल्या पाहिजेत : पॉझिटिव्ह फिल्मची स्वतःची, आणि निगेटिव्हच्या कडेवरून तिच्यांत उमटून आलेली. दुसरी मिळाली तरच चित्रीकरणाच्या काळाविषयीं कांहीं बोलतां येईल. तिसरें साधन भोकांचें. फाळक्यांच्या घरीं हातयंत्रानें पाडलेलीं भोकें व कारखान्यांतून पाडून आलेलीं भोकें यांच्या अंतरांत फरक असलाच पाहिजे, आणि निगेटिव्हच्या भोकांची छाया पॉझिटिव्हवर पुष्कळदां उमटते. याशिवाय अक्षरपाट्यांची भाषा, अक्षराचें वळण, आणि नटांचें वय. भालचंद्र हा तर या बाबतींत चालता शकच आहे. वाढत्या मुलाच्या चेहऱ्यांत चार वर्षें लपत नाहींत. फाळके-कुटुंबाच्या तारीखवार छायाचित्रांशीं रोहिदासाचें मुख ताडून पाहिल्यास कडेवरच्या खुणांइतकाच बळकट पुरावा मिळेल. तोंवर '१९१३' हा आंकडा निःशंकपणें छापणें मला घाईचें वाटतें. '१९१३ अथवा १९१७' असा निर्देश करणें हीच संपादकीय सचोटी होय.

हरवलेली प्रत कोठें सांपडेल याचा नेम नसतो. ड्रायर यानें फ्रान्समध्यें काढलेला, फाल्कोनेत्ती हिच्या अभिनयानें अजरामर झालेला 'जोन ऑफ आर्क' (१९२८) याचें मूळ निगेटिव्ह जळालें. उरलेल्या तुकड्यांवरून दुसरी आवृत्ति जुळविली, तीहि जळाली. अर्धशतकानें, १९८१ मध्यें, पहिल्या आवृत्तीची डॅनिश अक्षरपाट्यांची प्रत ऑस्लोजवळील एका मनोरुग्णालयाच्या कपाटांत निघाली. मेलिएसनें तर १९२३ मध्यें आपलीं निगेटिव्हें स्वतःच जाळलीं. तरीहि जगभर पसरलेल्या नकलांमुळें त्याचे दोनशेंच्या आसपास चित्रपट आज पाहतां येतात. हिंदुस्थानांत हजाराहून अधिक मूकपट निघाले, आणि त्यांतील उरलेले बोटांवर मोजण्याइतके, तेहि बहुधा तुटके. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा गेलाच. पुण्यासहि २००३ च्या आगींत ज्वालाग्राही फिल्मचा मोठा साठा भस्म झाला.

हा लेख मी सालेकसा येथून लिहितों. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हें लहानसें स्थानक. माघी पौर्णिमेस कचारगडच्या यात्रेसाठीं येथें हजारों माणसें उतरतात. झाडीपट्टींतील आपले संग्राहक दंडारीचीं बाडें, महानुभावांच्या पोथ्या व मालगुजारीचे कागद मोठ्या निष्ठेनें जमवितात. त्यांना माझी विनंति एवढीच आहे कीं, त्याच पेटाऱ्यांत एखादें जाहिरातीचें पत्रक, तिकीट, अथवा पत्र्याचा गोल डबा निघाल्यास तो भंगारांत घालूं नये. तारीख व नाट्यगृहाचें नांव असलेलें एक पत्रक शंभर आठवणींहून अधिक मोलाचें. डबा निघाल्यास तो दिव्याजवळ अथवा उन्हांत उघडूं नये. १९५० च्या सुमारापर्यंतची पुष्कळ फिल्म नायट्रेटची असते व ती पेटली तर पाण्यानें विझत नाहीं. आंत चिकटपणा, तपकिरी भुकटी अथवा उग्र दर्प आढळल्यास तिला हात न लावतां थंड व हवेशीर जागीं, घरापासून दूर ठेवावें, आणि पुण्यास कळवावें. फिल्म धड असली तरीहि ती उलगडूं नये. डब्यावरची चिठ्ठी, मोहोर व लिहिलेले आंकडे जसेच्या तसे उतरून घ्यावेत. बाहेरच्या वेढ्याच्या कडेवर कोंबडा, फूल, वर्तुळ अथवा चौकोन दिसत असेल तर त्याचें रेखाचित्र काढून सोबत जोडावें.