९८५ ते १९१५ : एका इंजिनाची वाढ

बीटलच्या इंजिनाचं हेड उतरवलं की खालचा सिलिंडर हाताने ओढून बाहेर काढता येतो. बिडाचा, अंगभर पंख असलेला, सुटा. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक गाड्यांत चारही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले असतात. बोअर वाढवायचा तर भिंतीच्या जाडीइतकीच मुभा. इथे जुना काढायचा, मोठा बसवायचा. सिलिंडर सुटे ठेवले ते चहूबाजूंनी हवा खेळावी म्हणून. पण इंजिन मोठं करणाऱ्यांच्या साऱ्या परंपरेचं मूळ याच सोयीत आहे.

१९३०च्या दशकात पोर्शच्या कचेरीत फ्रान्झ रायमश्पीस यांनी हे आडवं चार सिलिंडरचं इंजिन आखलं. ७० मिलिमीटर बोअर, ६४ स्ट्रोक, म्हणजे ९८५ सीसी. युद्धाच्या काळात बोअर ७५ झाला आणि ११३१ सीसी मिळाले. १९५४मध्ये ७७ होऊन ११९२. पुढे क्रँक बदलून स्ट्रोक ६९वर गेला आणि १९७०पर्यंत बीटल १५८४ सीसीला पोहोचली. मोठा सिलिंडर, मग लांब स्ट्रोक, हा रस्ता कारखान्यानेच घालून दिला होता.

बाहेरचे कारागीर त्याच रस्त्याने पुढे गेले. जर्मनीत गेरहार्ड ऑटिंगर यांनी पन्नाशीच्या दशकातच ‘ओक्रासा’ नावाने दोन कार्ब्युरेटर आणि वेगळी हेड यांचे संच विकले. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये जो व्हिट्टोन यांच्या ‘एम्पी’ने सुट्या भागांची बाजारपेठ उभी केली, त्यांची ‘इंच पिंचर’ बीटल ड्रॅग शर्यतींत गाजली.

मूळचा ६९चा क्रँक ठेवून ९०.५चे सिलिंडर घातले की १७७६ सीसी होतात, ९४चे घातले की १९१५. त्यासाठी क्रँककेस आणि हेडमधली भोकं मोठी करून घ्यावी लागतात. क्रँक ८२चा घेतला तर ९४वर २२७६, पण मग कनेक्टिंग रॉड केसला आणि कॅमशाफ्टला घासू लागतो आणि आतून धातू कोरावा लागतो. रोजच्या वापराला १७७६ हेच शहाणपणाचं माप, असं माझं ठाम मत आहे. ९२च्या जुन्या पातळ भिंतींच्या सिलिंडरांपासून मात्र दूर राहावं. तापले की त्यांचा गोलपणा टिकत नाही.

जुळणीतलं खरं कसब डेक मोजण्यात आहे. पिस्टन अगदी वर आणायचा, सिलिंडरच्या काठावर सपाट पट्टी ठेवायची आणि पिस्टनच्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजायचं. ते कमी भरलं तर सिलिंडरच्या बुडाशी शिम घालायची. चारही अंतरं सारखी येईपर्यंत पुढे जायचं नाही, कारण कॉम्प्रेशन यावरच ठरतं आणि कॉम्प्रेशन चढलं की उष्णता चढते.

ती उष्णता वाहून न्यायला पंख्याची हवा आणि जेमतेम अडीच लिटर तेल, एवढाच आधार. म्हणून मोठ्या इंजिनाला बाहेरचा ऑइल कूलर आणि फिल्टर जोडतात. कारखान्याला स्वतःला मोठं इंजिन हवं होतं तेव्हा त्याने जुनी मॅग्नेशियमची केस ताणली नाही. १९६८च्या ४११ मोटारीसाठी अ‍ॅल्युमिनियमची नवी केस ओतली, आणि त्याच इंजिनात पुढे ९४चा बोअर आणि ७१चा स्ट्रोक बसवून १९७१ सीसी काढले.