'सोलापूर' किती वेळा लिहायचं?

झिप फाइलबद्दल लोक हमखास विचारतात, "फाइल लहान होते, मग आतलं काय गाळतात?" काहीच नाही. उघडल्यावर शेवटच्या अनुस्वारासकट सगळं परत येतं. हे कसं जमतं ते समजून घ्यायला आपण संगणकाच्या आधीपासून, तारेपासून सुरुवात करू.

तारेचे पैसे शब्दांवर लागायचे. म्हणून तारखात्याने शुभेच्छांची एक ठरावीक यादी केली होती. सण, लग्न, परीक्षेतलं यश, प्रत्येक वाक्याला एक क्रमांक. तुम्ही सोलापूरच्या तार ऑफिसात क्रमांक निवडायचा, तारेवरून तो क्रमांकच जायचा आणि पलीकडच्या ऑफिसात यादी बघून अख्खं वाक्य लिहिलं जायचं. दोन्ही टोकांना एकच शब्दकोश, मधून फक्त आकडा. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली.

पत्रांतही हेच चालायचं. 'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. 'मु. पो.' म्हणजे 'मुक्काम पोस्ट'. ही यादी कागदावर नव्हती, डोक्यात होती.

अशा ठरलेल्या यादीच्या दोन अडचणी आहेत. एक, यादी हरवली की निरोपही हरवला. 'सा. न. वि. वि.' आज कॉलेजातल्या मुलांना विचारून बघा. दुसरी, यादी करणाऱ्याला जे सुचलं तेवढंच तिच्यात असतं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. इथल्या मजकुरासाठी यादी करायची तर कोणत्या भाषेची करणार?

इस्राएलमधल्या टेक्नियन संस्थेतले जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी हा प्रश्नच बाजूला सारला. यादी आधी करूच नका, मजकूर वाचता वाचता ती तयार होऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. १९७७ च्या त्यांच्या पद्धतीत आधी येऊन गेलेला मजकूर हाच शब्दकोश: 'इतकं मागे जा, इतकं उचल.' १९७८ च्या पद्धतीत खरोखरची क्रमांकांची यादी बनते. जुना तुकडा अधिक एक नवं चिन्ह, की झाली नवी नोंद. गंमत म्हणजे ही यादी पाठवावीच लागत नाही. उघडणारा प्रोग्राम त्याच नियमाने तीच यादी पुन्हा उभी करतो. १९८४ मध्ये टेरी वेल्च यांनी ही दुसरी पद्धत आणखी सोपी केली आणि पुढे ती जिफ चित्रांत आली. झिप फाइलच्या मुळाशी आहे ती पहिली पद्धत.

आता आपला शब्द घ्या. 'सोलापूर' लिहायला काना, मात्रा, उकार धरून सात चिन्हं लागतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकवीस बाइट. रोमन लिपीत तेच सात बाइटांत होतं. जिल्ह्यातल्या हजार पत्त्यांची फाइल केली तर 'जि. सोलापूर' हजार वेळा येणार. पण झिपमध्ये तो बहुतेक ठिकाणी 'मागे जा, उचल' एवढ्या दोन आकड्यांवर भागतो. शिवाय देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो. ही पुनरावृत्तीही पद्धत आपोआप पकडते, तिला मराठी येत नसूनही.

मग ठरलेली यादी कायमची गेली का? नाही. सुरुवातीच्या ओळींत मागे जाऊन उचलण्यासारखं काही नसतं, त्यामुळे छोट्या मजकुरात ही युक्ती लंगडी पडते. म्हणून वेब पानांसाठी गूगलने केलेल्या ब्रॉटली पद्धतीत, जिचं मानक २०१६ मध्ये आलं, तेरा हजारांहून जास्त तुकड्यांचा तयार शब्दकोश आहे. त्यात वेब पानांच्या कोडमधले तुकडे आहेत, शिवाय इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, हिंदी, रशियन आणि अरबी या भाषांतले शब्द. या सहांत मराठी नाही. हिंदीशी लिपी सारखी आणि काही शब्दही सारखे, तेवढ्यापुरता आपल्याला फायदा मिळतो.

लांबलचक मराठी लेखाला याने फारसा फरक पडत नाही, तो स्वतःचा शब्दकोश स्वतः बनवतो. चार ओळींच्या मराठी सूचनेला मात्र पडतो. त्यामुळे अशी कुठलीही पद्धत वापरायला घेताना आधी विचारा: हिच्यात शब्दकोश आहे का, आणि तो कोणत्या भाषांचा?